थोरवतांचा हात

नागझरीच्या कबड्डी मैदानात कोणाला लागलंय हे ओळखायचं, तर खेळणाऱ्या मुलींकडे बघून उपयोग नसे. मैदानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या अंकुश थोरवतांकडे बघावं लागे. पडायची मुलगी आणि कळवळायचे थोरवत.

थोरवत गावच्या कबड्डी मंडळाचे क्रीडा-प्रशिक्षक. खेळाडूंची शरीरं सांभाळणं हे त्यांचं काम. पगार शहरातलं मोठं रुग्णालय द्यायचं, मंडळाला सेवा फुकट. गावात आपला माणूस बसवला की गावचे मोडके गुडघे दुसऱ्या रुग्णालयात जात नाहीत, एवढाच त्यातला परोपकार.

खेळाडू दुखणं लपवतात, म्हणून रुग्णालयाच्या डॉ. मृणाल केसकरांनी ‘सहवेदिका’ तयार केली. खेळाडूच्या दंडावर एक पट्टी आणि थोरवतांच्या कानामागे, कातडीखाली, तांदळाएवढा दाणा. “दुखतं ते गुडघ्यात नाही, मेंदूत,” बाईंनी समजावलं होतं. “गुडघा नुसता निरोप धाडतो. त्या निरोपाची एक प्रत तुमच्याकडे येईल.” प्रत आली की थोरवत हात वर करत, मुलगी बाहेर येई, बर्फ आणि विश्रांतीवर भागे. शस्त्रक्रिया जवळजवळ थांबल्या. रुग्णालयाची योजना अर्थातच तोट्यात गेली.

पण तक्रार आली ती मंडळाकडून. अध्यक्ष गुंडूतात्या थोरवतांना घेऊनच बाईंकडे गेले.

“मॅडम, ह्यांचं तोंड आमचा घात करतंय. समोरची चढाईवाली आमच्या पोरींकडं बघतच न्हाई. ह्यांनी डावा खांदा धरला की ती सरळ डाव्या कोपऱ्यावर येती. तीन सामने घालवले ह्यांनी, खुर्चीत बसून. जमत नसंल तर दुसऱ्या दवाखान्याचा माणूस बघतो आम्ही.”

बाई म्हणाल्या, “तीव्रता उतरवता येईल.”

“माझी दीक्षा खेळते, मॅडम,” थोरवत म्हणाले. “तिचा उजवा गुडघा कुरकुरतोय. तिचं तरी कळेल ना?”

“कळेल. मुंगी चावल्याएवढं.”

“आणि माझं स्वतःचं?”

“तेही तेवढंच. मेंदूत बटण एकच आहे. तुमचं आणि दुसऱ्याचं वेगळं करायची सोय नाही त्यात.”

“मग फायद्यातच की तुम्ही,” गुंडूतात्या म्हणाले.

नोकरी गेली तर लेकीच्या गुडघ्यावर परका माणूस नजर ठेवणार. थोरवतांनी मान डोलावली.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात दीक्षा चढाईला गेली, वळताना तिचा पाय मुरगळला. थोरवतांना मुंगी चावली. खुर्चीखाली खरोखरच मुंग्या होत्या. त्यांनी पाय झटकला आणि निर्विकार बसून राहिले. गुंडूतात्यांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. दीक्षा आणखी दोनदा चढाईला गेली. दुसऱ्या वेळचा गुडघ्याचा आवाज गुणलेखकाच्या टेबलापर्यंत ऐकू आला.

शस्त्रक्रिया झाल्यावर थोरवतांनी विचारलं, “दुखत होतं, तर बाहेर का नाही आलीस?”

“दुखत होतं हो बाबा. पण तुमचा हात वर नव्हता. मला वाटलं, फार नसेल.”

इथे रडायला हवं, हे थोरवतांना समजलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते चहा आणायला गेले.

त्या वर्षी सगळ्या तालुक्यांतले रुग्णालयाचे प्रशिक्षक उतरवलेल्या तीव्रतेवर गेले. गुडघे अर्धवट नाही, पूर्ण तुटून येऊ लागले आणि योजना पहिल्यांदा नफ्यात आली. रुग्णालयाने थोरवतांचा सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला. मग प्रमुख पाहुण्यांनी घाईघाईत त्यांच्या छातीवर बिल्ला लावला. टाचणी सदऱ्यातून आत गेली, ती बरीच आत गेली. बिल्ल्याभोवती तांबडा डाग पसरला. थोरवत फोटोसाठी हसत होते.

पहिल्या रांगेत कुबडी टेकून बसलेल्या दीक्षाने तो डाग पाहिला आणि, कानामागे कसलाही दाणा नसताना, “आई गं” म्हणत स्वतःची छाती धरली.

तिचा तो चेहरा दिसताच थोरवतांचा हात सवयीने वर गेला. सभागृहाला वाटलं, ते अभिवादन करताहेत. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.