रिकाम्या सीटचा पट्टा

कडोलीहून निपाणीला निघताना जयाबाईचं आणि तिच्या लेकाचं वाजलं ते गाडीच्या पट्ट्यावरनं.

"आई, पुढं बस. पण पट्टा लाव," ओमकार म्हणाला.

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतोय. मी मागं बसते."

मागं बसली आणि धाडकन दार ओढून घेतलं. गाडी ओमकारची, नवी, पेट्रोलची. आपण गाडीत बसलोय का बिस्किटाच्या डब्यात, असं जयाबाईला दर खेपेला वाटायचं. काच खाली करायची तर बटन लेकाच्या हाताखाली. मागची दारं तर आतनं उघडायचीच नाहीत. नात आरोही चालत्या गाडीत दार उघडेल म्हणून ओमकारनं तसं लॉकच टाकून ठेवलेलं. परशरामच्या वडाप जीपला दाराच्या जागी दोरी होती. पण माणसाला उतरावंसं वाटलं की उतरता तरी यायचं.

परशराम तिचा धाकटा भाऊ. सारा जन्म बेळगाव-निपाणी माणसं भरून वडाप मारली, गाडीला ओरखडा नाही, आणि गेला तो घरात, झोपेत. उतार लागला की जीप न्यूट्रल करायचा. ही ओरडली की तळव्यावर तंबाखू मळत हसायचा. "डिझेल वाचतंय, आक्का." जगात तिला आक्का म्हणणारा तो एकटाच. त्याच्याच बायकोला भेटायला दोघं आज कडोलीला आलती.

गाव मागं पडलं. मग ओमकार म्हणाला, "आई, उंबऱ्यात मागं वळून काय बोललीस तू?"

"काय बोलले?"

"'येते रं परशा' म्हणालीस. मामी बघतच राहिली."

मयताच्या घरातनं उठताना येते म्हणायचं नसतं. मुकाट उठायचं, चपला पायात सरकवायच्या, चालू लागायचं. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट.

"तोंडातनं गेलं असंल. जन्माची सवय ती. तू गाडी चालीव."

तेवढ्यात गाडी वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग.

"पुढच्या सीटवर पिशवी ठेवलीस काय गं? गाडीला वाटतंय कोणतरी बसलंय. पट्टा लावा म्हणतीया."

"पिशवी माझ्या मांडीवर हाय."

ओमकारनं सीटवरनं हात फिरवला. काही नव्हतं. आवाज चढतच गेला. शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली, रिकाम्या सीटवरनं पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. गाडी गप्प झाली.

"सेन्सर बिघडलाय, दुसरं काय न्हाय."

"रिकामा पाळणा हलवू नये म्हणत्यात. मग रिकाम्या जागंला पट्टा कशाला बांधलास?"

"आई, पाळण्यात आणि गाडीत काय फरक हाय का न्हाय?"

जयाबाईची नजर त्या पट्ट्यावर होती. माणूस नसताना पट्टा सीटला चिकटून पडायला पाहिजे. हा पुढं फुगून उभा होता, पोट सुटलेल्या माणसावरनं जावा तसा. आणि हळूच वर येत होता... खाली जात होता.

ऐन दुपार. हायवेला सावली औषधालाही नाही. गाडीत एसीचा गार वारा, आणि त्या वाऱ्याला चुन्यात मळलेल्या तंबाखूचा वास. ओमकारला सुपारीचंही व्यसन नव्हतं.

"काच खाली कर रं."

त्याचा हात बटनाकडं गेलाच नाही.

तवंदी घाटाचा उतार लागला, आणि ओमकारनं गिअर काढला. इंजिनाची घरघर एकदम बसली. गाडी नुसती घरंगळायला लागली.

"अरं मुडद्या, घाटात न्यूट्रल करतोस? गिअर टाक!"

"ऱ्हाऊ दे." आवाज त्याचाच, पण संथ. "डिझेल वाचतंय."

गाडी पेट्रोलची होती.

जयाबाईनं दाराचा खटका ओढला. परत ओढला. चालत्या गाडीतनं उडी टाकून काय होणार होतं? तरी ओढला. काचेवर मुठी हाणल्या. बाजूनं जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वाटलं, म्हातारी ओळखीची आहे; त्यानं हसून हात केला. पुढं उसानं भरलेली ट्रॉली होती, आणि ती जवळ येत होती.

ती दोन सीटच्या मधनं घुसली आणि पट्ट्याचं तांबडं बटन दाबायला गेली. हाताला ऊब लागली. झोपलेल्या माणसाच्या कुशीला असते तशी. बटन दबेना.

निघालेल्या माणसाला जा म्हणू नये, ही शिकवण तिला आईच्या दुधातनं मिळालेली. तिनं तोंड त्या रिकाम्या सीटच्या उशीला लावलं.

"परशा... मी चुकून म्हटलं रं. तू येऊ नगंस... जा. जा बाबा."

खट.

पट्टा सर्रकन गेला नाही. उतरणारा माणूस हातानं सोडतो तसा सावकाश आत गेला. गाडीला हिसका बसला, इंजिन गुरगुरलं, ट्रॉलीला टेकायच्या आत ब्रेक लागला. ओमकार घामानं निथळत होता. निपाणीत घरापर्यंत त्यानं गाडी गिअरातच आणली.

घर गल्लीच्या चढावर. ओमकारनं बाहेरनं दार उघडलं तेव्हा ती उतरली आणि तशीच पायरीवर बसली.

"पप्पा, चक्कर! चक्कर!" आरोही घरातनं पळत आली, आजीच्या हाताखालनं निसटली आणि मागच्या सीटवर चढली. दार लागलं.

ओमकार आत बसला. काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. दुसऱ्या हाताच्या रिकाम्या तळव्यावर अंगठा फिरत होता, काहीतरी मळल्यासारखा.

"येतो, आक्का."

आणि थांबला. येतो म्हणणाऱ्याला घरच्यानं ये म्हणावं लागतं, त्याबिगर आपल्यातलं माणूस निघत नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. गाडीचं तोंड उताराला, इंजिन बंद. मागच्या काचेला आरोहीनं नाक लावलेलं.

ये म्हटलं, तर येणार कोण? आणि जा म्हणावं, तर पोरं गाडीत...

जयाबाई उठून खिडकीशी गेली. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. तिथला पट्टा मात्र अडकवलेला होता, आणि हिसके देत होता. आत अडकलेलं लेकरू आईला बघून सुटायला धडपडतं तसा.