फोटो पोचला, धन्यवाद

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी सुमेधच्या आईनं त्याला केळीची पानं आणायला सांडोरला पिटाळलं, यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. पानं सुमनकाकूंच्या वाडीतून आणायची होती, एवढाच काय तो घोळ. सुमेध त्या घराकडं जायचं टाळत होता. आईनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचं डोकं दुखत होतं, मग पोट दुखायला लागलं, मग मीटिंग आली. मीटिंग पोटाची आहे की डोक्याची, असं आईनं विचारल्यावर त्यानं निमूट स्कूटर काढली.

सुमेध मूळचा सांडोरचाच, आता राहायला नालासोपाऱ्याच्या फ्लॅटात. घरात बसून अमेरिकेतल्या दुकानांच्या वेबसाइटी बनवतो. घरचा बल्ब बदलायला मात्र वायरमन बोलावतो. तर या विद्वानाला वाडीकर मंडळाच्या धवलभाऊंनी गाठलं. धवलभाऊ मंडळाचे अध्यक्ष. माणूस भला, पण हातात माइक आला की देवाच्या नैवेद्यालाही उशीर होतो. त्यांच्या मनात आलं, की सर्वपित्रीला गावातल्या सगळ्या गेलेल्यांचे फोटो मंडळाच्या हॉलात मोठ्या पडद्यावर दाखवावेत. हिंदू, ख्रिश्चन, सगळ्यांचे. गेलेल्यांत कसली आलीय वाटणी. फोटो गोळा कसे करायचे, तर सुमेध म्हणाला, मी फॉर्म बनवतो, तुमचा चहा निवायच्या आत.

आणि बनवला. गेलेल्या व्यक्तीचं नाव, तुमचं नाव, नातं, आणि खाली फोटो टाकायची जागा. बटण दाबलं की लिहून यायचं, ‘फोटो पोचला, धन्यवाद.’

आता घोळ काय झाला तो ऐका. फॉर्म पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला. तिथली रीत अशी, की बाहेरून आलेला फोटो आधी पडवीत टेकवतात. तिथून उचलून कुणी घरात नेला तर राहिला, नाही नेला तर काम संपताच झाडून टाकतात. आणि दोन एमबीपेक्षा जाड फोटो आला, तर त्याला पडवीतसुद्धा पाय ठेवू देत नाहीत. नुसती मालकासाठी चिठ्ठी ठेवतात, की बाबा, हा घेतला नाही. ती चिठ्ठी वाचायची जबाबदारी फॉर्म लिहिणाऱ्याची. सुमेधनं वाचायची सोयच केली नव्हती. स्वतःचा पासपोर्टचा एवढासा फोटो टाकून बघितला, तो गेला, म्हणाला झालं काम. आणि लोकांचे फोन असे, की साध्या वांग्याचा फोटो काढला तरी चार एमबीचा. म्हणजे दारातला गडी पाहुण्याला हाकलतोय आणि आत बसलेला मालक भिंतीला म्हणतोय, या, बसा, धन्यवाद.

निम्मं गाव असं दारातून परत गेलं तेव्हा सुमेधच्या लक्षात आलं. त्यानं गुपचूप मर्यादा वाढवली. धवलभाऊंनी ग्रुपवर कळवलं, तांत्रिक कारणास्तव फोटो पुन्हा पाठवावेत. लोकांनी पाठवले. तांत्रिक कारण रोज संध्याकाळी भेळ खातं हे कुणाला कळलं नाही.

सुमनकाकू मात्र ग्रुपवर नव्हत्या. आणि त्यांच्याजवळ पुन्हा पाठवायला फोटो उरला नव्हता.

काकूंची एकुलती एक मुलगी विनया दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. पोर दिवसभर फोन घेऊन गावाचे फोटो काढायची. कोंबड्यांचे, भांडणांचे, झोपलेल्या म्हाताऱ्यांचे. जी सगळ्यांचे फोटो काढते तिचा कोण काढणार. लहानपणीचे होते ते पुराच्या पाण्यात गेले. आधारकार्डावर एक होता, पण ती विनया आहे हे खाली नाव लिहिलंय म्हणून कळायचं. खरा असा एकच. काकूंनीच कधीतरी तिच्या फोनवर काढलेला. तो त्यांनी सुमेधला घरी बोलावून, त्याच्या देखत फॉर्मात टाकला. फोनची बॅटरी फुगून वडा झाली होती. सुमेध छाती फुगवून म्हणाला, “काकू, आता फोन विहिरीत पडला तरी फोटोला धक्का नाही.”

काकूंनी विश्वास ठेवला. पुढच्याच आठवड्यात जुने मोबाइल घेणारा सायकलवाला आला, त्याला फोन देऊन प्लास्टिकचा टब घेतला. सुमेधनं नंतर सायकलवाल्याला शोधलं, दुकानं पालथी घातली. फोटोची दुसरी प्रत इंटरनेटवर असेल म्हणून तिथंही डोकं आपटलं. पण विनयाच्या खात्याचा पासवर्ड विनयाबरोबर गेलेला.

इथवर नुसती चूक होती. पुढं त्यानं जे केलं, त्यामुळंच तो काकूंच्या वाटेला जात नव्हता. विनयाची मामेबहीण उन्नती दिसायला थोडी तिच्यासारखी. तिचा फोटो त्यानं कॉम्प्युटरला दिला, हनुवटी निमुळती कर, केस लांब कर असं सांगून एक मुलगी बनवून घेतली, आणि विनयाच्या नावापुढं ठेवून दिली. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हा त्याचा हिशेब. असा हिशेब आपल्याला सुचू शकतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तर असा तो टळटळीत दुपारी सांडोरला पोचला. वाडीत पानही हलत नव्हतं. रहाट बंद, कुत्रं गप्प. काकूंनी पानं कापून सुतळीनं बांधून ठेवलेली, त्यांच्या देठांतून चीक ठिबकत होता. सुमेध भारा उचलून पळायच्या बेतात होता, पण काकू म्हणाल्या, बस, सरबत घे. बसावं लागलं. समोर भिंतीवर बंद टीव्ही. काकू झोपाळ्यावर, सुमेध शेजारच्या लाल खुर्चीत, बॅग खुर्चीच्या हाताला, भारा पायाशी. पाठीमागं स्वयंपाकघराचं दार.

आत कुणीतरी वाटी ठेवल्यासारखा आवाज झाला.

“कुणी आलंय का काकू?”

“आत कोण असणार. मी एकटीच.” काकूंनी पायानं झोपाळ्याला जरासा झोका दिला. “दुपारचा येतो आवाज. मी विचारत नाही. विचारलं की बंद होतो.”

सुमेधनं सरबताचा ग्लास तोंडाला लावला. ओल्या केसांचा, शिकेकाईचा वास येत होता. काकूंचे केस तर कोरडे, घट्ट अंबाड्यात बांधलेले.

“फोटो दाखव ना रे,” काकू म्हणाल्या. “उद्या सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी येईल, नीट दिसायची नाही ती.”

नाही कसं म्हणणार. एका हातात ग्लास तसाच धरून त्यानं फोन पुढं केला. काकूंनी चष्मा पदरानं पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

“गोड आहे पोर,” त्या म्हणाल्या. “कोणाची?”

“काकू… विनया ना ती.”

“असं होय.” काकूंनी फोन हळूच त्याच्या हातात दिला, पाहुण्याला वाटी परत करावी तसा. “असू दे. कोणाच्या तरी घरची असेलच.”

त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर सुमेध सुटला असता. त्या नुसत्या झोपाळ्याच्या कडीकडं बघत राहिल्या. त्याचे कान तापले, मान आपोआप खाली गेली. आणि तेवढ्यात हातातला फोन वाजला. टिंग. फॉर्मवर नवीन फोटो आला की वाजायचा तसा.

त्यानं सवयीनं उघडला.

एका बाईचा पाठमोरा अंबाडा. झोपाळ्याची कडी. समोर भिंत. बाजूला, कडेला, लाल खुर्चीचा हात.

त्यानं गर्रकन मागं बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. आतल्या अंधारात ओट्यावरची भांडी तेवढी चमकत होती. फोटोखाली फॉर्म भरलेला होता. गेलेल्या व्यक्तीचं नाव, सुमन. पाठवणाऱ्याचं नाव, विनया. नातं, आई. आणि फोटो दोन एमबीच्या केसभर आत. मर्यादा वाढवल्याचं पाठवणाऱ्याला कुणी कळवलं नसावं.

सुमेधच्या तोंडातून मग सगळं बाहेर पडलं. फॉर्म, पडवी, चिठ्ठी, उन्नतीची हनुवटी, सगळं. फोटो पोचलाच नव्हता काकू, मी खोटं बोललो, तुमचा शेवटचा फोटो मी घालवला. बोलताना तो रडत होता की घाबरला होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काय आलंय ते दाखव.

त्यानं दाखवलं. त्यांनी नावं बोट लावून वाचली.

“काकू, तुम्ही तर इथं… तुमचं नाव गेलेल्यांत…”

“बरोबर लिहिलंय की,” काकू म्हणाल्या. “तिच्याकडून बघितलं तर गेले ती मीच ना.”

टिंग.

हा फोटो आणखी जवळून काढलेला. अंबाड्याच्या वरून समोरचा बंद टीव्ही पुरता दिसत होता, काळ्याशार पाण्यासारखा. त्या काळ्यात सगळी खोली उतरली होती. काकूंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. काचेत काकूंचा चेहरा. त्यांच्या मागं दार. दारात केस मोकळे सोडून उभी, फोन छातीशी धरून, किंचित हसणारी…

“विनू,” काकू म्हणाल्या. एवढंच. मग फोटोवर बोट फिरवत, “ओले केस घेऊन फिरते बघ. किती वेळा सांगितलं.”

मोतीबिंदू कुठल्या कुठं गेला होता. त्यांनी फोन इतका घट्ट धरला की सुमेधला मागायचा धीर झाला नाही. मागं वळून बघायचा तर नाहीच. शिकेकाईचा वास आता त्याच्या मानेशी आला होता.

“उद्या हाच लाव,” काकू म्हणाल्या. “आणि तो फॉर्म बंद करू नकोस. तिला दुसरी वाट नाही.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता हॉल भरला. सुमेधनं धवलभाऊंच्या हातातून माइक काढून घेतला, हे या गावात आजवर कुणाला जमलं नव्हतं. फोटो माझ्या चुकीनं गेले, असं सरळ सांगितलं. उन्नतीचंही सांगितलं. मग मागून म्हातारे पॉलअंकल म्हणाले, “आमच्या क्लेमेंटीनचा फोटो मी तीनदा टाकला रे. मला वाटलं, माझंच बोट जाड आहे.” लोक हसले. उन्नतीनं हनुवटीचं भाडं मागितलं. सुमेध तांबडालाल होऊन खाली बसला.

मग पडद्यावर विनया आली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. सगळ्यांना वाटलं, जुना फोटो असेल, घरातला. काकू पहिल्या रांगेत हात जोडून हसत होत्या. सुमेधनंही मान वर केली. फोन एवढासा, पडदा भिंतीएवढा, त्यामुळं काल न दिसलेलं आज दिसलं. टीव्हीच्या काचेत काकू होत्या, विनया होती, काकूंच्या शेजारी लाल खुर्ची होती. खुर्चीच्या हाताला सुमेधची बॅग अडकवलेली होती. पायाशी पानांचा भारा होता. सरबताचा अर्धा ग्लास खुर्चीच्या बरोबर वर, वाऱ्यावर थांबल्यासारखा होता. खुर्चीत कुणी नव्हतं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. कोण खुर्ची बघतंय.

कार्यक्रम संपल्यावर धवलभाऊंनी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं, ग्रुप फोटोसाठी. सुमेध मागं सरकत होता, त्याला दंडाला धरून पुढं ओढलं, म्हणाले, चूक कबूल करणारा माणूस मधोमध उभा राहिला पाहिजे. त्याच्या खांद्यावर आपला जाडजूड हात टाकला. हात गरम होता, त्याला सुपारीचा वास येत होता. सुमेधला त्या वजनानं इतकं बरं वाटलं, की तो फोटोत मनापासून हसला.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर फोटो आलेला होता. खाली धवलभाऊंचा मेसेज. ‘सुमेध, मी तुला धरून ठेवलं होतं ना, ऐन फोटोच्या वेळी कुठं निसटलास रे? एवढी लाज वाटली होय?’

त्यानं फोटो मोठा केला. मधोमध धवलभाऊ दात काढून उभे होते. शेजारी सुमेध नव्हता, या वेळी दारातल्या गड्यानं त्यालाच परत पाठवलं होतं. त्यांचा उजवा हात बाजूला, हवेत होता. बोटं अशी आवळलेली, की कुणाचा तरी खांदा घट्ट धरलाय.