पाचशे सत्तावीस फेरे

केरबा सोनकांबळेच्या सायकलला घंटी नव्हती, ब्रेकही एकच लागायचा, पण टकटक मात्र पक्की होती. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला त्यानं पत्र्याची पट्टी बांधली होती. चाकाचा एक फेरा झाला की ती चाक धरणाऱ्या चिमट्याला लागे आणि टक् असा आवाज येई. अठ्ठावीस इंची चाक, एका किलोमीटरला चारशे पंचावन्न टक्. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा बांधकाम खात्यात अनुरेखक म्हणून लागलेल्या केरबानं गेल्या चार वर्षांत कितीतरी रस्ते असे मोजले होते. कचेरीत त्याला 'टकटकसाहेब' म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे, पण आकडा जुळला नाही तर घास गोड लागत नसे.

म्हणूनच कॉलेजातले इतिहासाचे शेषेराव सर त्याच्याकडे आले. सरांना कुठूनसं एक परदेशी मासिक मिळालं होतं आणि त्यात पोर्तुगालचे फोटो होते. द्राक्षमळे, दगडी पूल, टेकडीवर किल्ला आणि खालच्या वळणावर रंगीत टोप्या घातलेले सायकलवाले. सर त्या फोटोंनी पार झपाटले होते.

"यांच्याकडं किल्ले हायत, मग आपल्याकडं काय नुसत्या भिंती हायत का?" सर म्हणाले. "औशाचा किल्ला, खरोशाची लेणी, उदगीर, मग देगलूरजवळचं होट्टलचं देऊळ, कंधार, आणि शेवट नांदेडला गोदावरीवर. बारा जण. तू फक्त रस्ता मोजून आण. कुठं किती अंतर अन् कुठं पाणी, एवढंच लिही."

पाण्याचीच तर गोची होती. ते १९८६ साल, मार्च महिना. विहिरींचे तळ दिसत होते, गावोगाव टँकरच्या वाटेकडे डोळे लागले होते. आणि त्या बारा जणांत केरबाची धाकटी बहीण तारामती होती. मुरुडच्या त्यांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. त्यामुळे केरबा हे काम खात्याच्या कामापेक्षा जास्त जिवावर घेऊन निघाला.

उदगीर सोडून देगलूरच्या रस्त्याला लागला तेव्हा ऊन चढलं होतं. दोन्हीकडे काळी रानं भेगाळून पडली होती. जिल्ह्याच्या हद्दीवर रेवणप्पाचं पत्र्याचं हॉटेल होतं. बाहेर रांजण होता आणि त्यात पाणीही होतं. केरबानं वहीत 'पाणी आहे' असं लिहिलं, चहा घेतला आणि पुढे निघाला. हॉटेलासमोरच लातूर जिल्ह्याचा शेवटचा दगड. यापुढचा दगड नांदेडचा, बरोबर एक किलोमीटरवर.

तो मोजू लागला. चारशे पंचावन्न झाले आणि दगड आला नाही.

चारशे ऐंशीला उजव्या हाताला एक कडुलिंब दिसला, हिरवागार. त्या वर्षी असा लिंब दिसणं ही नवलाचीच गोष्ट होती. खाली कोरीव दगडांची बारव. केरबानं आकडा वहीत टिपला आणि सायकल लिंबाला टेकवली. पायऱ्या उतरताना गारवा आधी घोट्यांना लागला, मग गुडघ्यांना. खाली चौथ्या पायरीपर्यंत पाणी होतं, स्वच्छ आणि काळसर. एवढं पाणी असून काठावर एक घागर नव्हती, दोर नव्हता, शेणाचा पो नव्हता. एक चिमणीसुद्धा नव्हती. हे सगळं त्याला दिसलं. पण तहान लागलेल्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच दिसलं.

पाण्यात एक बाई उभी होती, साठीची असेल. तिनं तांब्या बुडवून भरला आणि त्याच्यापुढे धरला.

आता केरबाचं बालपण असं गेलं होतं की विहिरीवर त्याची आई सरजाबाई तासतासभर थांबायची. कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची, आणि पोरानं तीच ओंजळ धरून प्यायचं. या बाईनं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. तांब्याच त्याच्या हातात दिला. केरबाला अगदी भरून आलं. तो तांब्याला तोंड लावून घटाघटा प्याला.

"पी, लेकरा," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून वर रस्त्याकडे पाहत तिनं विचारलं, "मागून कोन येतंय?"

"बहीण येईल माझी. पुढच्या आयतवारी. तारामती."

"तारामती," ती म्हणाली. "येऊ दे. मग ठेवते."

तिनं दुसरा एक तांब्या घेतला आणि कोरड्या पायरीवर उपडा ठेवला. ती पाण्यातून बाहेर आली तेव्हा केरबाचं लक्ष तिच्या लुगड्याच्या काठाकडे गेलं. काठ कोरडा होता.

वर येऊन त्यानं पुढचं मोजलं. दगड लागला तेव्हा आकडा पाचशे सत्तावीस होता. बहात्तर फेरे जास्त. हद्दीवरचा दगड कुणीतरी घाईत रोवला असणार, असं त्यानं वहीत लिहिलं आणि देगलूर गाठलं. वाटेत पुन्हा तहान लागली नाही.

पण आकडा डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे कंधारकडे न जाता तो त्याच रस्त्यानं परत निघाला. नांदेडच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. चारशे पंचावन्नला लातूरचा दगड समोर उभा. बारव नाही, लिंब नाही, दोन्हीकडे नुसतं नांगरून पडलेलं रान. तो उलटा फिरला आणि पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. चारशे पंचावन्न, चारशे पंचावन्न.

रेवणप्पा हॉटेलाच्या दारातून हे सगळं बघत होता. केरबा येऊन बाकावर बसला तसा त्यानं चहा न विचारताच पुढे ठेवला.

"पाणी प्यालात?"

केरबानं मान हलवली.

"प्यालात तर प्यालात. त्याचं काय न्हाई. तिनं इचारलं का काही?"

"हाव. मागून कोण येतंय म्हणाली."

"अन् तुमी काय सांगितलात?"

कोण जाणे का, केरबा खोटं बोलला. "काही न्हाई."

"मग बरं झालं," रेवणप्पा म्हणाला. फडकं झटकून त्यानं खांद्यावर टाकलं. "माझा थोरला भाऊ मलप्पा सांगून बसला हो. लगीन नवं होतं, बायकूचं नाव सांगितलं."

"मग?"

"मग काय, ती आली की घरी. तीच ती. नांदली पंधरा वर्सं. पर मलप्पा तिच्या हातचं पुन्ना जेवला न्हाई. कशाला म्हून इचारलं तर उठून जायचा."

केरबाचा चहा तसाच राहिला.

आता अडचण अशी की ही गोष्ट त्याला कुणाजवळ बोलता येत नव्हती. त्याच्या बापानं छप्पन्नच्या साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडेदोरे, अंगारे सगळे उकिरड्यावर नेऊन टाकले होते. भूतखेत या घरात पुन्हा यायचं नाही, असं त्यानं लेकरांना बजावलं होतं. केरबा त्याच शिस्तीत वाढला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो तारामतीला काय सांगणार? रस्ता बहात्तर फेरे लांब झाला म्हणून तू येऊ नको?

तरी त्यानं घरी एकदा विषय काढलाच. "हद्दीजवळ रस्ता वाईट हाय. तेवढ्यापुरती तू सामानाच्या जीपमधी बस."

"बाकीचे अकरा जण सायकलवर अन् मी जीपमधी?" तारामती हसली. "दादा, मी नुसती माझ्यापुरती चालले असते तर गोष्ट येगळी. आपल्या वस्तीतले सगळे बघायलेत. आई तर दुसऱ्या दिवशी जीपमधून देगलूरला येणार हाय, मला सायकलवर बघायला."

मग त्यानं आपल्या परीनं उपाय केला. तिच्या सायकललाही पत्र्याची पट्टी बांधली आणि सांगितलं, त्या दोन दगडांमध्ये तू मोजायचं. थांबायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बोललं की आकडा चुकतो. देगलूरला गेल्यावर मी विचारणार. तारामतीनं सलाम ठोकला, "जी, टकटकसाहेब."

वाट दाखवायला केरबाही आपली सायकल घेऊन बारा जणांसोबत निघाला होता. त्या रविवारी बाराच्या सुमाराला सगळे रेवणप्पाच्या हॉटेलावर पाणी प्याले. बाकीचे पुढे गेले. केरबानं मुद्दाम तारामतीला मागे ठेवलं आणि दोघं हँडलला हँडल लावून निघाले. उन्हासाठी तिनं ओढणी तोंडावर घट्ट गुंडाळली होती, फक्त डोळे दिसत होते.

लातूरचा दगड मागे पडला.

टक्. टक्. दोन चाकांचे दोन आवाज, थोडे मागेपुढे. केरबा तिच्या पुढच्या चाकावर नजर ठेवून मोजत होता. शंभर. दीडशे.

दोनशेच्या पुढे कधीतरी दोन्ही टक् एकाच वेळी पडू लागले. एकच आवाज येत होता. दोघांचा वेग जुळला, असं त्यानं मनाशी म्हटलं.

तीनशे. पुढच्या अकरा सायकली रस्त्यावर स्पष्ट दिसत होत्या. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

चारशे. उजवीकडे नांगरलेलं रान. लिंब नव्हता.

चारशे चाळीस. चारशे पन्नास.

चारशे पंचावन्नला दगड आला. नांदेडचा, पांढरा, जागच्या जागी.

केरबानं इतक्या मोठ्यानं श्वास सोडला की तारामतीनं वळून पाहिलं. तो हसला. पुढचा सगळा रस्ता त्याला उताराचा वाटला.

चार वाजता सगळे देगलूरच्या शाळेच्या व्हरांड्यात पोचले. शेषेराव सरांनी डोकी मोजली, बारा भरली. सर खुशीत होते. पोर्तुगालवाल्यांना एक पत्रच टाकतो म्हणाले. कुणी पाय चोळत होतं, कुणी घागरीवर तुटून पडलं होतं. तारामती पायरीवर बसून एकेकाला पेला भरून देत होती. ओढणी तिनं सोडून खांद्यावर टाकली होती. तीच तारामती, भुवईवरचा लहानपणचा व्रणसुद्धा जागेवर होता. केरबाला स्वतःचीच लाज वाटली. बाप असता तर चांगला कान पिळला असता.

तो तिच्याशेजारी जाऊन बसला. "हं, बोला. किती झाले?"

"पाचशे सत्तावीस," ती म्हणाली.

केरबाचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"चुकली असशील."

"न्हाई, दादा. एकेक मोजून आले."

तिनं भरलेला पेला त्याच्यापुढे धरला. तो त्यानं घेतला नाही. ती स्वतःही प्याली नव्हती. सगळे दोन दोन पेले प्याले होते, तिचे ओठ कोरडे होते. तिनं पेला ओतून टाकला आणि त्याच्या खांद्यावरून फाटकाबाहेर, आले त्या रस्त्याकडे पाहिलं.

"मागून कोन येतंय?" तिनं विचारलं.

"सर," केरबा उठत म्हणाला, "सर, थांबा..."

पण शेषेराव सरांना कुणी प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. "अगं, विसरलीस का? उद्या जीपमधी तुमच्या आई येणार न्हाईत का? सरजाबाई!"

"सरजाबाई," तारामती म्हणाली. "येऊ दे. मग ठेवते."

आणि तिनं रिकामा पेला आपल्या शेजारी पायरीवर उपडा ठेवला.