पांढऱ्या पट्ट्याची जॅकेटं

"त्या पट्ट्याला नखं लावू नका, शौर्याची खूण आहे ती," काकांनी धक्क्यावरूनच बजावलं.

काका म्हणजे मावशीचे यजमान. तळ्यावर त्यांच्या तीन होड्या होत्या आणि आज दहा वाजता एका शिबिराची बावीस मुलं होडीतून फिरायला येणार होती. सुट्टीला आलेली ताई, तिचा भाऊ टिपण्या आणि त्यांची सहा वर्षांची बहीण पिटुकली सकाळपासून जॅकेटं फडक्याने पुसून बाकावर मांडत होती. पाण्यात पडलं तरी माणूस तरंगावा म्हणून घालतात ती जॅकेटं. काकांनी ती लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून आणली होती. चोवीसच्या चोवीस हिरवी. पाठीवर पलटणीचा शिक्का : दोन वल्ही, मध्ये उघडं पुस्तक. आणि छातीवर आडवा, पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा.

गोळीबारात सगळ्यात आधी नदी पार करणाऱ्या पलटणीला असा पट्टा मिळतो, असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ठरवलं होतं. मोठ्या माणसांचं बरंचसं ज्ञान असंच ठरवलेलं असतं आणि एकदा ठरलं की त्याला हात लावायची सोय नसते.

टिपण्याला टिपण्या म्हणत ते उगाच नाही. जुन्या सामानाच्या गल्लीत ताडपत्र्या, डबे, पेट्या यांच्यावर दिसेल तो लष्करी शिक्का तो वहीत उतरवून घेई. हातोडा म्हणजे दुरुस्तीवाले, चाक म्हणजे वाहतूकवाले, मासा म्हणजे पाणी पुरवणारे. पण वल्ही आणि पुस्तक त्याच्या वहीत कुठेच नव्हतं.

"लढणाऱ्यांच्या शिक्क्यात पुस्तक कशाला?" तो पुटपुटला.

ताईला दुसरंच खटकलं होतं. जॅकेटांची सगळी शिवण मशीनची होती, फक्त डाव्या कुशीला हातशिलाई. एकाला काळा दोरा, एकाला तपकिरी, एकाला चक्क सुतळी. चोवीस जॅकेटं नेमकी एकाच कुशीला कशी उसवतील?

दोघांनी काकांना गाठून हे सांगितलं. काकांनी एक जॅकेट उचललं आणि तळ्यात फेकलं. ते ऐटीत तरंगलं. काकांनी ते लगेच काठीने ओढून घेतलं, ओल्या हाताने टिपण्याच्या डोक्यावर टपली मारली आणि सुट्टीला आलेल्यांनी सुट्टी करावी, असा सल्ला दिला. पिटुकलीने तर कधीचं जॅकेट चढवलं होतं. पहिल्या होडीतली पुढची जागा तिने तीन दिवसांपासून धरून ठेवली होती. तिला पोहता येत नव्हतं.

ताईने सायकल काढली. टिपण्या मागे बसला, मांडीवर एक जॅकेट.

जुन्या सामानाच्या गल्लीत शिवणयंत्रं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. बावीस वर्षं लष्कराच्या भांडारात काढलेले. वहीतले निम्मे शिक्के त्यांनीच ओळखून दिले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जॅकेट पालथं केलं, उलथं केलं आणि हातातला पेचकस खाली ठेवला.

"हे कुणी घालणार आहे?"

"दहा वाजता. बावीस मुलं. आणि आमची पिटुकली," ताई म्हणाली.

आजोबांनी कात्रीने डाव्या कुशीचा दोरा कापला. आतून तरंगणारं काहीच निघालं नाही. चिंध्या निघाल्या. जुने सदरे, गोणपाट, फाटक्या मोज्यांचे गोळे.

मग त्यांनी भराभर सांगितलं. पुस्तकाचा शिक्का प्रशिक्षण शाळेचा. शाळेत शिकवताना वस्तूचं पोट फाडून आत काय असतं ते जवानांना दाखवतात. फाडलेली वस्तू मग बंद कसे बांधायचे, गाठ कशी मारायची, एवढ्याच सरावाला ठेवतात. आकार राहावा म्हणून चिंध्या भरतात आणि कुणी चुकून पाण्यात नेऊ नये म्हणून वर पांढरा पट्टा ओढतात.

"मी स्वतः ओढलेत असले पट्टे. विकण्याआधी कापून टाकायला हवी होती. कुणीतरी कंटाळा केला असणार, दुसरं काय," ते रागाने म्हणाले.

टिपण्याने विचारलं, की मग मघाशी ते तरंगलं कसं.

"कोरडी चिंधीही तरंगते. दोनचार मिनिटं. मग तीच ओढते खाली. पळा."

ताईने सायकल अशी हाणली की टिपण्याच्या पोटातला नाश्ता घशाशी आला.

धक्क्यावर पोचले तेव्हा पहिली होडी भरली होती. आठ मुलं, आठ पांढरे पट्टे आणि सगळ्यात पुढे पिटुकली, राणीसारखी. होडीचा दोर अजून खुंट्याला होता. टिपण्या जाऊन त्या खुंट्यावरच बसला.

ताई ओरडणार होती. पण शिबिराच्या बाई शेजारी उभ्या होत्या आणि चारचौघांत काकांनी ऐकणं शक्यच नव्हतं. ती हसली.

"काका, निघायच्या आधी तुमचा एक फोटो काढू? शौर्याचं जॅकेट घालून, पाण्यात उभं राहून. होडीघराच्या दारावर लावता येईल."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या मिनिटाला ते जॅकेट घालून पायऱ्या उतरले आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. ताईने मावशीचा फोन धरला. जरा डावीकडे व्हा म्हणाली. मग उजवीकडे. मग पाय उचलून तरंगून दाखवा म्हणाली. काका तरंगले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पाय टेकू नका म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाली, बोट भिंगावर आलं म्हणाली, मिशी नीट करा म्हणाली. पाच मिनिटं झाली. काकांची छाती पाण्याखाली गेली, मग हनुवटी, मग ती मिशीही.

"अगं, हे ओढतंय मला," काका पाणी थुंकत म्हणाले आणि धडपडत पायऱ्यांना धरून उभे राहिले. जॅकेटमधून बादलीभर पाणी गळत होतं. उसवलेल्या कुशीतून एक मोजा लोंबत होता.

तेव्हा ताईने सगळं सांगितलं. काका होडीतल्या आठ पट्ट्यांकडे आणि पिटुकलीच्या नवव्याकडे पाहत राहिले. चेहरा पांढराफटक. मग त्यांनी स्वतः एकेका मुलाला हात धरून उतरवलं. पिटुकली उतरेना. तिला त्यांनी उचलून घेतलं, तर तिने त्यांच्या ओल्या खांद्यावर बुक्क्या मारल्या. त्यांनी मुकाट खाल्ल्या.

"मारलं पाहिजेच मला," ते म्हणाले, आणि ताई-टिपण्याकडे वळले. "सकाळी तुम्ही सांगत होतात आणि मी टपली मारत होतो. चुकलो मी. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

मोठं माणूस हे वाक्य उच्चारतं, याच्यावर टिपण्याचा विश्वास बसेना. मग काकांनी घरातून कात्री आणवली आणि धक्क्यावर बसून एकेका जॅकेटच्या आरपार कात्री चालवली, पुन्हा कुणी घालू नये म्हणून. होडीची फेरी खऱ्या जॅकेटांशिवाय होणार नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मुलं हिरमुसली आणि लगेच काठावर चिखलाचा किल्ला करायला पळाली.

 ताई आता कुठे पायरीवर टेकली. बाई तिच्याजवळ आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग वळून त्यांनी मुलं मोजली. बावीस. कोणी पाण्यात गेलंच नव्हतं, तरी त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवत मोजली, सावकाश, एकेकाचं नाव घेत.