तीन नंबर शेडची घंटा

अनसूयेच्या कपाळाला खोक पडली होती. गिरणीच्या चाळीत कुणीतरी दगड भिरकावला होता.

"यांनी घंटा दिली होती हो, दुर्गाबाई! देवाशप्पथ दिली होती. पाच वाजता पोलीस नेणार त्यांना."

रेवणसिद्धला हे प्रकरण मुळीच आवडलं नाही. दुर्गाबाईंच्या तपासात स्कूटर हाकायचं काम त्याच्याकडे होतं आणि आज त्या स्कूटरवरही दगड पडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलातलं ऊन आधीच डोकं फिरवत होतं.

हकिगत साधी होती. काल जेवणाच्या सुट्टीनंतर अनसूयेच्या नवऱ्याने, जॉबर म्हणजे मागांचा मुकादम असलेल्या गंगाधरने, तीन नंबर शेडमधले सगळे माग फिरवणारा शाफ्ट सुरू केला. ईरप्पा मागाखाली अडकलेलं सूत काढत होता. त्याची तीन बोटं गेली. सुरू करण्याआधीची इशाऱ्याची घंटा झालीच नाही, असं अख्खी शेड सांगत होती.

गिरणीच्या फाटकावर ईरप्पाची बायको निंगव्वा बसली होती. दुर्गाबाईंना बघून ती पचकन थुंकली. "त्या हरामखोराला सोडवायला आलासा व्हय?"

"खरं काय ते बघायला आले," दुर्गाबाई म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

शेड बंद होती. माग, खांब, दिवे, सगळ्यांवर कापसाचं पांढरं तूस बसलेलं. फोरमन वीरभद्रप्पा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बाईमाणसाचं इथं काय काम?"

"काम पाचपर्यंतच आहे. घंटा दाखवा."

बटण एकच होतं. दाबलं की फोरमनच्या केबिनशेजारी उंचावरचा लाल दिवा लागायचा आणि त्याच्या बाजूची घंटा घणघणायची. माग चालू असताना त्या धडधडाटात घंटा कुणाला ऐकू येणार? तेव्हा दिवा बघायचा. माग बंद असताना माणसं खाली वाकलेली असतात, तेव्हा घंटा ऐकायची. वीरभद्रप्पाने बटण दाबलं. रेवणसिद्धने दचकून कानांवर हात ठेवले.

"कालही लगेच दाबून बघितलं. अशीच वाजली," फोरमन म्हणाला. "घंटा धडधाकट आहे. माणूस खोटारडा आहे."

दुर्गाबाई स्टुलावर चढल्या. घंटेची वाटी लख्ख होती. शेजारच्या दिव्याच्या टोपीवर मात्र बोटभर तूस होतं.

"कोण पुसतं ही?"

"तिला कोण पुसतंय? वर्षानुवर्षं तशीच हाय की," कोपऱ्यातून तेलवाला चनबसप्पा खेकसला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. धरेल त्या प्रत्येक वस्तूवर त्याचा ठसा उमटत होता. "आमच्या ईरप्पाची बोटं गेली आनि तुमी घंटा पुसत बसलासा!"

वायरमन सिद्धप्पाने भिंतीवरच्या, सहज हात पोचेल अशा पेटीवर थाप मारली. "घंटेची तार हिच्यात हाय. एक स्क्रू सैल केला की घंटा बंद, दिवा चालू. पण पेटीला माझं सील हाय आनि ते शाबूत हाय. माझ्यावर ढकलू नका."

शेवटी गंगाधर आला. ताठ मानेचा माणूस. दुर्गाबाईंनी समोर उभं राहून विचारलं, "घंटा वाजली?"

"वाजली. मी ऐकली."

मग त्यांनी तूस नाकात जातंय म्हणून पदर तोंडावर धरला. "ईरप्पा मागाखाली होता, हे माहीत होतं?"

गंगाधर नुसता बघत राहिला. दोनदा विचारलं तरी उत्तर नाही. केवढा हा माज, रेवणसिद्धला वाटलं.

तेवढ्यात गिरणीचा मॅनेजर आला आणि त्याने एक कागद पुढे केला. "अपघातानंतर पाच मिनिटांत फोरमनने हे माझ्या हातात दिलं."

रेवणसिद्धने मोठ्याने वाचलं. "आज जेवणाच्या सुट्टीनंतर जॉबर गंगाधर याने इशाऱ्याची घंटा न देता शाफ्ट सुरू केला. यामुळे कामगारांच्या जिवाला धोका आहे. तरी त्यास जॉबरच्या जागेवरून काढून माझ्या मेव्हण्यास संधी द्यावी." अक्षर मोत्यासारखं होतं.

पावणेपाचला दुर्गाबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. निंगव्वाही आली. दाराशी हवालदार उभा होता.

"गंगाधरने बटण दाबलं," दुर्गाबाई म्हणाल्या. शेडमध्ये एकच गलका उठला. त्या थांबल्या नाहीत. "दिवा लागला. घंटा मात्र वाजली नाही. घंटेची हातोडी आणि वाटी यांच्यात चिंध्यांचा बोळा होता. तो घालताना आणि घाईने काढताना वाटीवरचं तूस पुसलं गेलं. चनबसप्पाने हे केलं असतं तर वाटी काळी झाली असती. सिद्धप्पाला स्टुलावर चढायची गरजच नव्हती, पेटीतला एक स्क्रू पुरला असता, आणि सील त्याचंच, ते त्याला पुन्हा लावता आलं असतं. हे काम तारेतलं काही न कळणाऱ्या, स्वच्छ हातांच्या माणसाचं."

"उगाच काहीतरी!" वीरभद्रप्पा ओरडला.

"मग तुमचा कागद बोलू दे. माणसाची तीन बोटं तुटली, जमिनीवर रक्त, आणि तुम्ही लिहिता 'धोका आहे'? ईरप्पाचं नावसुद्धा नाही! कारण हे तुम्ही आधीच लिहून खिशात ठेवलं होतं. गंगाधरची चूक दाखवून जागा मेव्हण्याला द्यायची होती. मागाखाली कुणी असेल, हे तुमच्या ध्यानीमनी नव्हतं. गडबडीत तोच कागद दिलात."

वीरभद्रप्पा दाराकडे वळला. हवालदार पुढे सरकला.

"पण बाई," रेवणसिद्ध पुटपुटला, "घंटा वाजली नाही तर हा 'ऐकली' असं कसं म्हणतो?"

"वीस वर्षं मागांच्या धडधडाटात काढली त्याने, कान गेले. ओठ वाचतो तो. मी ओठ झाकले तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही. दिवा लागला म्हणजे घंटा वाजली, असं तो धरून चालतो. फोरमनला हे ठाऊक होतं, त्यावरच त्याचा डाव होता."

गंगाधर लालबुंद झाला. "कुणी सांगितलं होतं हे चव्हाट्यावर आणायला? यापेक्षा जेल बरा होता!"

अनसूया रडत म्हणाली, "अहो, सुटलात की तुम्ही!"

निंगव्वा उठून त्याच्यासमोर उभी राहिली. ती ओरडली नाही. "बोळा त्यानं घातला. पर तुमाला ऐकू येत न्हाई, हे तुमी दडवलासा. का वो? माज्या मालकाला आता माग धरता येनार न्हाई."

रेवणसिद्धला वाटलं, आता हा उसळणार. पण गंगाधरने मान खाली घातली. मग मॅनेजरकडे वळून, गरजेपेक्षा फार मोठ्या आवाजात म्हणाला,

"साहेब, जॉबरची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला ऐकू येत नाही."