शेवटच्या फेरीतलं उजवं वळण

"चष्मा नकोय," तो दारातूनच म्हणाला. "चष्म्याचा स्क्रू हवाय. एकच. आहे?"

दुपारची वेळ होती, दुकानात चिटपाखरूही नव्हतं. मी काच घासत बसले होते.

"कशासाठी?"

"गाडीसाठी."

"चष्म्याच्या स्क्रूवर गाडी चालते?"

"हातभर लांबीची आहे. रिमोटवरची बग्गी. पण खड्ड्यांतून अशी उडते की तुम्ही बघतच राहाल!"

"मी दिवसभर बघण्याचंच काम करते. आणखी हौस नाही."

तो हसला, वळला आणि त्यानं शेजारचा आरसा धाडकन पाडला.

"एवढा मोठा आरसा दिसला नाही?"

"तुमच्याकडे बघत होतो ना..."

माझे कान तापले. खरं कारण कळायला चार महिने जायचे होते.

दोन गल्ल्या सोडून तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी स्क्रू आखूड पडला म्हणून आला, तिसऱ्या दिवशी लांब पडला म्हणून. चौथ्या दिवशी त्याला सबबच सुचेना. मग मीच म्हटलं, "चला, दाखवा तुमची ती गाडी."

त्याच्या दुकानातल्या टेबलावर बग्गी उघडी पडली होती. चारी चाकं वेगळी, बारीक स्प्रिंगा, तेलाच्या बाटल्या. एकेक भाग जोडत तो वर्षभर ती बांधत होता.

"सगळी गंमत या तेलात आहे," तो शॉकअब्सॉर्बर भरत म्हणाला. "पातळ झालं तर बेडकासारखी उड्या मारते, घट्ट झालं तर दगडासारखी आपटते."

त्यानं डोळे मिटून गाडी वीतभर उंचीवरून सोडली. धप्प.

"ऐकलंस? अजून उसळतेय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. त्यानं माझा तळहात गाडीवर ठेवला, वर स्वतःचा. "दाब... आता सोड. बघ कशी उठते. रुसलेलं माणूस समजूत काढल्यावर उठतं ना, तशी."

गाडी हळूच वर आली. त्याचा हात मात्र तिथंच राहिला.

मग रोज संध्याकाळी तेल बदलायचं, स्प्रिंग बदलायची, मैदानातल्या मातीच्या उंचवट्यांवर गाडी पळवायची. पण मला दिसत होतं... शेजारून पाना पुढे केला की त्याला तो दिसायचा नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. चहाचा कप हमखास लवंडायचा. डोळ्यांच्याच धंद्यात असलेली मी, स्वतःला किती फसवणार?

आमच्या दुकानाच्या डॉक्टरीणबाईंकडे त्याला ओढून नेलं. बाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, एवढीच तपासणी. आतून बटणाचा आवाज फार क्वचित येत होता.

"नजर कडांकडून मिटत चाललीय," बाई म्हणाल्या. "उजवी जास्त. थांबवायला औषध नाही."

जिन्यात तो म्हणाला, "मला माहीत होतं. उजव्या वळणाला गेली की गाडी नाहीशीच होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे पेशंटसारखं बघितलं असतंस." पुढची पायरी उतरत म्हणाला, "रविवारी शर्यत आहे. माझी शेवटची. उजव्या वळणाला नुसतं 'आता' म्हणशील?"

म्हटलं. पाच फेऱ्या त्याच्या खांद्याला खांदा लावून म्हणत राहिले. "आता... आता..." प्रत्येक 'आता'ला बग्गी माती उडवत अशी सुरेख वळायची! शेवटच्या फेरीत आम्ही पहिले होतो.

आणि मी मान वळवली. त्याच्या ओठांवर घाम होता, तोंडभर हसू होतं, सगळा जीव बोटांत आला होता. मी बघतच राहिले...

'आता' राहून गेलं. बग्गी बांधावर चढली आणि उलटी पडली, चाकं हवेत गरगरत.

"कुठं बघत होतीस गं?" त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुझ्याकडे."

त्यानं रिमोट खाली ठेवला. "मी हे कधीच बोलणार नव्हतो. पण तू बोलूनच बसलीस."

"मग तूही बोल."

"माझंही तेच आहे," तो पुटपुटला. "आरसा पाडला, त्या दिवसापासून."

पण आठच दिवसांत त्यानं सांगितलं. तो त्याच्या ताईच्या गावी जाणार होता. तिथल्या एका संस्थेत दोन वर्षं ठेवून घेऊन न बघता काम करायला शिकवतात.

"मी येते."

"नको. तू माझा हात धरून मला फिरवशील आणि मला ते आवडेल. मग मी कधीच शिकणार नाही."

"आणि दोन वर्षांनी?"

"तोवर तुला दुसरं कुणी भेटलं, तर..."

"गप्प बस."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरी, जन्मभर हात धरावा लागेल, ठाऊक आहे ना?"

"तो धरूच देत नाहीये गं," म्हटलं आणि तिच्या कुशीत शिरून रडले.

तो निघाला त्या सकाळी मी बसपाशी अगदी त्याच्यासमोर उभी राहिले. तो म्हणाला, "जरा मागे हो."

"का?"

"जवळ असलीस की नुसते डोळे दिसतात. मागे गेलीस की जास्त मावतेस."

मी एक पाऊल मागे सरले. "अजून," तो म्हणाला. अजून एक. अजून दोन. त्याच्यापासून लांब जाणारं एकेक पाऊल मणामणाचं झालं होतं.

"बस... आता दिसलीस. सगळी."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो हलला नाही. मीही डोळे पुसले नाहीत. हात मध्ये आला असता.