नंदाबाईच्या घुगऱ्या

त्या उत्तमसिंगाले हसत जाऊ नका बे. आज बसस्टँडवर मी ऐकलं, तुमी पोट्टे त्याले 'मोजेवाले बाबा' म्हणून हाका मारून राह्यलते. तो वळून पाहत नाही म्हणून बहिराही ठरवला. वैशाखाच्या उन्हात मोजे घालते म्हणून हसू येते तुमाले? आता लाईन गेलीच आहे, तं मोबाईल ठेवा अन् बसा. तो काहून तसा करते ते सांगतो. मंग हसा, हसता आलं तं.

हे काही उडत उडत ऐकलेलं नाही. हे झालं त्या दिवशी सकाळी त्याले अन् त्याच्या बायकोले माह्याच गाडीत यवतमाळले नेलं होतं. आदल्या रात्रीचं जे सांगतो, ते त्यानं मले दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितलं. खोटं बोलाची त्या माणसाले अक्कलच नाही. बैल विकतानी बैलाची खोड आधी सांगणारा माणूस तो.

मागच्या पोळ्याची गोष्ट. नेरच्या रस्त्यावर त्याचा तांडा आहे, तो तुमाले माहीत आहे. त्याची बायको नंदाबाई. पाळी जाऊन कितीक वर्सं झालती, अन् तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागलं. बाईमाणूस, कोणाले सांगणार? सांगेपर्यंत तोंड पांढरं पडलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् सांगितलं, पिशवीतला तुकडा काढून पाहा लागते. सकाळी या, भूल देऊ, संध्याकाळी घरी. घाबरू नका, पण उशीर करू नका. उत्तमसिंगानं त्यातलं उशिराचं तेवढं ऐकलं.

तयारीही सांगितली. आदल्या रात्री हलकं जेवण. मध्यरात्रीनंतर तोंडात काही नाही, पाण्याचा घोटही नाही. डोक्यावरून आंघोळ करायची, तेल लावायचं नाही. अन् अंगावर एकही दागिना नको, आत करंटची मशीन असते, धातू चालत नाही.

इथीच घोडं अडलं. नंदाबाईच्या कानशिलापाशी केसात चांदीच्या घुगऱ्या, घुंगरावाणी दागिना, गुंफलेल्या. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या तुमी पाह्यल्या असन, चालल्या की वाजतात. लग्नात बांधतात, अन् धनी जिता आहे तोवर सोडत नाहीत. पहिल्या तारखेले ती घुगऱ्यांसकट गेली. नर्सबाई म्हणे काढा, नाही तं मी कैचीनं कापते. नंदाबाई खाटेवरून उठली अन् सरळ बसस्टँडवर येऊन बसली. मोठ्या मिनतवारीनं दुसरी तारीख भेटली. डॉक्टरीणबाईनं उत्तमसिंगाले बाजूले घेतलं. म्हणे, ह्या खेपेले परत नेलं तं पुढचं मी काही सांगू शकत नाही.

आता त्या तांड्यात एक रीत होती. कोणाचा धनी गेला की त्याच्या बायकोच्या घुगऱ्या सोडाचं काम जमनी नावाच्या बुढीचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काठी टेकत यायची, दाराबाहेर उभी राहायची अन् मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची. ओ आली नाही की मंगच गाठीले हात. घुगऱ्यांचा लाल धागा निघाला की त्यानंच ती मेलेल्याच्या पायाचे दोन्ही अंगठे एकमेकाले बांधे. तिचं काम चोख, अर्धवट काही ठेवत नसे. ती होळीच्या आसपास वारली. तिच्यामागं ते काम कोणी घेतलं नाही. कोणाले हौस आहे अशा कामाची?

तं मंगळवार होता. पोळा होऊन दोनच दिवस झालते, बैलाच्या शिंगाचा रंगही उडाला नव्हता. बुधवारी सकाळी दवाखाना. सांजेले सून रंजिता कैची घेऊन सासूपाशी बसली. कैची उघडली, अन् तशीच ठेवून ती रडत आत गेली. शेजारच्या बायांनी धनी ओसरीवर बसलेला पाह्यला अन् कानाले हात लावले. शेवटी उत्तमसिंग स्वतः उठला. नंदाबाईनं डोकं मागं ओढलं.

"मी तुमाले जितेपणी मारू काय?" ती म्हणे. "अन् तेही तुमच्याच हातानं?"

जिवावर बेतलेलं तिच्या, अन् जपून राह्यली ती ह्याच्या जिवाले. दारात उभा राहून, रस्त्याकडं तोंड करून तो ओरडला.

"मंग जमनीलेच बोलवा. तिलेच सोडू द्या."

नंदाबाईनं धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर गेलता.

रात्री ती झोपेत उठून पाणी पिईन, म्हणून त्यानं आपली खाट माठाच्या आडवी टाकली. पाय दाराकडं आले, मढ्याचे ठेवतात तसे. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. रंजिता आतल्या खोलीत. नंदाबाईले डोळा लागला. हा जागाच. सकाळी काय करायचं, तेच त्याच्या डोक्यात फिरून राह्यलतं.

बारा वाजून गेलते. लाईन नव्हती. पाऊस थांबलता, वळचणीचं पाणी तेवढं टपकून राह्यलतं. तांड्यातले कुत्रे भुकत होते. ते एकदम थांबले.

मंग काठी. टक... टक... रस्त्यावरून. ओल्या मातीत काठी वाजत नाही, पोट्टेहो. ही वाजत होती.

नंदाबाई उठली. त्याले वाटलं, पाण्यालेच उठली. पाणी नको, म्हणाले तो तोंड उघडणार, तं ती माठ सोडून पुढं गेली. डोळे मिटलेले. तिनं दाराची कडी काढली. उंबरठ्यावर बसली. डोकं खाली केलं.

काठी दाराशी थांबली. बाहेर नुसता अंधार.

"उत्तमसिंग..."

जमनीचा आवाज. तंबाखूनं बसलेला, तसाच.

आपल्याकडं लहानपणापासून सांगतात ना, रात्री बाहेरून नावानं हाक आली तं ओ देऊ नका? इथी सारं उलटं होतं. ओ देली असती, तं बुढी आल्या पावली परत गेली असती. त्याले ते पक्कं माहीत होतं. ओ जिभेवर आलती. एवढंसं अक्षर. पण मंग घुगऱ्या तशाच. सकाळी पुन्हा ती नर्सबाई. पुन्हा बसस्टँड. अन् डॉक्टरीणबाईचं ते तोंड. तो मले म्हणे, "नागोराव, एवढा लाचार मी जन्मात झालो नाही. बोललो तं नंदा जाते. नाही बोललो तं मी जातो."

"उत्तमसिंग..."

आता जवळून.

त्यानं दुपट्टा तोंडात कोंबला.

...

छुन.

एक घुगरी सुटली. मंग दुसरी. नंदाबाईचं डोकं हळूहळू हलत होतं, माय पोरीची वेणी सोडते तसं. सोडणारे हात दिसत नव्हते.

मंग काठी घरात आली. टक. खाटेपाशी. टक.

पाय ओढून घेता आले असते. त्यानं घेतले नाही.

गार बोटं...

सकाळी मी गाडी घेऊन गेलो, तं घुगऱ्या उंबरठ्यावर एका ओळीत ठेवलेल्या. नंदाबाईचे केस मोकळे. तिनं नवऱ्याले विचारलं, तुमीच सोडल्या ना रात्री? तो हाव म्हणे. यवतमाळ येईपर्यंत पदर तोंडाले लावून रडत राह्यली. हा पुढं माह्याजवळ बसला होता. पायात पोराचे जाड मोजे. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात हे कायले? त्यानं पाय मागं ओढले.

तिले आत नेलं, दार लागलं, तवा त्यानं हे सारं सांगितलं. अन् उजव्या पायाचा मोजा काढला. अंगठ्याले लाल धागा बांधलेला. मी खिशातून चाकू काढला. त्यानं माह्या हाताले धरलं.

"राहू दे, नागोराव," म्हणे. "ती अजून आत आहे."

संध्याकाळी ती घरी आली. पुढं तुकड्याचा रिपोर्ट आला, साधंच निघालं, काही भ्याचं कारण नाही. नंदाबाईनं नवीन धाग्यानं घुगऱ्या पुन्हा बांधल्या. बाजारात वाजत वाजत जाते, तुमी ऐकता. मी त्याले म्हटलं, आता तरी काप. तो नाही म्हणते. अन् तवापासून कोणी नावानं हाक मारली तं ओ देत नाही. समोर जाऊन बोला, सारं बोलते. बहिरा नाही तो. एकदा ओ देली तं सौदा मोडन, अन् मोडला तं तिचं काय होईन, ह्याची त्याले भीती आहे. मले त्याची कीव येते. पण त्याले काय सांगू, मलेच माहीत नाही.

बाकावर मी नीट पाह्यलं होतं. लाल धागा उजव्या अंगठ्यालेच होता फक्त. गाठीत नंदाबाईचा एक पांढरा केस अडकलेला. अन् धाग्याचं दुसरं टोक तोडलं नव्हतं. नीट गुंडाळून बोटाखाली ठेवलं होतं. डाव्या अंगठ्यापर्यंत पुरन, एवढं.